जंगलाचं विरजण

मुलांनो, डोक्यावरचा एक केस मनात आणा. उपटायचा नाही, नुसता मनात आणायचा. शेजाऱ्याचा तर नाहीच नाही. आता तो केस उभा चिरून त्याचे दहा-बारा धागे केले, असं समजा. आलं लक्षात किती बारीक? मग त्यातल्या एका धाग्याएवढे बारीक व्हा आणि चला मातीत.

अंधार आहे, घाबरू नका. समोर काही लागलं? ते झाडाचं मूळ. तुमच्यापुढं ते हत्तीच्या सोंडेसारखं जाड आहे. मातीच्या दोन कणांमधल्या फटीत त्याला शिरता येत नाही, तुम्हाला येतं. तिथलं थेंबभर पाणी तुम्ही ओढून आणता, मातीला चिकटून बसलेलं फॉस्फरस नावाचं खनिज सोडवून आणता आणि मुळाला देता. मूळ तुम्हाला साखर देतं, पानांनी उन्हात रांधलेली. तुम्हाला पानं नाहीत, तेव्हा या साखरेवाचून तुमचं पोट भरत नाही. आणि कोरड्या, भुकेल्या जमिनीत तुमच्यावाचून झाडाचंही भागत नाही. कोट्यवधी वर्षं हा शेजारधर्म चालत आला आहे.

या धाग्यांना कवक म्हणतात. शिळ्या भाकरीवर जी बुरशी येते, तिच्याच भावकीतले हे. भावकीत सगळेच सारखे नसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण भावकीचं नाव एकदा वाईट झालं, की भल्या माणसालाही ते चिकटतं. चारू मोहुर्लेचं जे चुकलं, ते तिथंच.

तिला भेटायला आणखी वीस-पंचवीस वर्षं पुढं चला.

पिंपळखुटीची कोळशाची खदान तोवर बंद पडली होती. तिच्या खोल खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यावर सौरपत्रे तरंगत होते. पण खणताना उपसलेल्या दगडमातीचा टेकडीएवढा ढीग गावाच्या उशाशी तसाच होता. गाव त्याला डंप म्हणे. वारा सुटला की डंपाची काळी धूळ पिण्याच्या माठात, वाळत घातलेल्या कुरड्यांवर, तान्ह्या लेकरांच्या पापण्यांवर बसे. त्यावर झाडी आणायची, हे सगळ्यांचं स्वप्न. तीनदा झाडं लावली आणि तीनदा मेली. शंभर मीटर खोलातून वर आलेला तो दगडचुरा. त्यानं जन्मात मूळ पाहिलं नव्हतं, मग मुळांचे सोबती त्यात कुठून असणार? प्रयोगशाळेतल्या कवकाच्या गोळ्या टाकून पाहिल्या. परमुलखातल्या त्या कवकाला इथली उन्हाची काहिली सोसली नाही.

उपाय सापडला तो सोनबा कुळमेथे यांच्या परसात. सोनबा पंचाहत्तरीचे, अख्खं गाव त्यांना आजा म्हणे. तरुणपणी, खदानीसाठी जंगल तुटत होतं त्या आठवड्यात, त्यांनी ऐनाच्या आणि मोहाच्या बुडाखालची माती पोत्यात भरून सायकलवर घरी आणली होती. बाविसेक खेपा केल्या. लोक हसले. आजा म्हणाले, "झाडं तं नेता येत नाही ना, बाप्पा." त्या मातीचा त्यांनी लांब वाफा केला आणि पन्नास वर्षं तो एकदाही उघडा पडू दिला नाही. दरसाल त्यात ज्वारी पेरायची, कणसं पाखरांना सोडायची. "जितं मूळ नसलं तं माती रुसते," एवढंच त्यांचं शास्त्र. माती घेण्याचीही रीत ठरलेली. एका वेळी एक मूठ घ्यायची आणि झालेला खळगा पाल्यानं भरून द्यायचा.

वैरागडे मॅडम मृदाशास्त्रज्ञ होत्या. त्या एक हातभर लांबीची सळई घेऊन गावात आल्या. कवकाच्या धाग्यांमधून विजेचे फार बारीक ठोके जात असतात. आपल्या नाडीसारखेच म्हणा, पण इतके मंद, की साध्या यंत्राला ते दाद देत नाहीत. ही सळई ते टिपायची आणि सोबतच्या पडद्यावर जिवंत धाग्यांचं जाळं हिरव्या रेघांनी काढायची. पोरांनी तिचं नाव मुळकान ठेवलं. मॅडमनी मुळकान आजाच्या वाफ्यात खुपसलं तेव्हा पडदा असा गच्च हिरवा झाला, की काळं म्हणून काही उरलंच नाही.

"आजा, तुम्ही अख्खं जंगल सांभाळून ठेवलंय इथं," मॅडम म्हणाल्या.

"जंगल कुठचं वो बाई," आजा म्हणाले. "जंगलाचं विरजण."

विरजण म्हणजे काय, हे पिंपळखुटीत कुणाला शिकवावं लागलं नाही. मूठभर वाफ्याची माती घालून केलेली रोपं पहिल्याच वर्षी डंपावर जगली. दुसऱ्या वर्षी शाळेतल्या सहावीच्या प्रत्येक मुलाकडे चाळीस रोपांचा एक ट्रे आला. रोपं काचेसारख्या पारदर्शक नळ्यांत होती, मुळं बाहेरून दिसावीत म्हणून.

चारू त्याच वर्गातली. तिचे बाबा, नामदेव मोहुर्ले, मिरचीची रोपं करून तालुकाभर विकत. चारू रांगत होती तेव्हापासून रोपांतच वाढलेली. शेतात लावायच्या आधी मिरचीच्या रोपाची मुळं बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून काढायची, हे तिला पाढ्यांआधी पाठ झालं होतं. "मोहुर्ल्याचं रोप मरत नाही," असं बाजारात म्हणत. त्या म्हणण्याचा तिला फार अभिमान.

लावणीच्या आदल्या दुपारी रोपवाटिकेची देखरेख करणारे आजा जेवायला गेले होते. चारू एकटीच भिंग लावून नळ्या बघत बसली होती. बघता बघता तिनं भिंग आणखी जवळ नेलं. मुळांभोवती पांढरी लव! या नळीत, त्या नळीत, सगळीकडे पांढरे धागे.

मॅडमनी कवकाबद्दल सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, आणि चारूनं लक्ष देऊन ऐकलंही होतं. पण कवक तिनं पाहिलं होतं ते मुळकानाच्या पडद्यावर. तिच्या मनातलं कवक हिरवं होतं. हे पांढरं म्हणजे बुरशी. आणि बुरशी आली की काय करायचं, ते तिच्याइतकं वर्गात कुणाला ठाऊक होतं?

रोपवाटिकेच्या फाटकावर 'औषधे आत आणू नयेत' अशी पाटी होती. लहान पोरांनी तोंडात घालू नये म्हणून असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. घरी जाऊन तिनं पांढऱ्या पुडीतली चमचाभर पावडर कंपासपेटीत घालून आणली, नळापाशी बादलीत कालवली आणि एकेक रोप काढून मुळं बुडवली. नंतर चिकटून राहिलेली माती धुऊन टाकली, नळ्या पुसून लख्ख केल्या आणि रोपं परत त्यांत बसवली. एकोणचाळीस रोपं झाली. चाळिसाव्याची नळी मागेच तडकली होती. आजांनी ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावून खिळ्याला अडकवलं होतं. ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रे तपासले गेले. चारूचा ट्रे सर्वांत स्वच्छ. तिला 'उत्तम रोपपाल' असा पत्र्याचा गोल बिल्ला मिळाला. बाबांनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि शर्टाला पुसून परत दिला. आजांनी खिळ्यावरची पिशवी काढली. "हे लेकरू इसरलं का वो चारूबाई?" म्हणत त्यांनी चाळिसावं रोप तिच्या ओंजळीत ठेवलं. तिनं तेही लावलं, ओळीच्या टोकाला.

पावसानं रोपांची लाज राखली. पण दसऱ्यानंतर ऊन तापलं आणि चारूच्या ओळी पिवळ्या पडल्या. शेजारच्या ओळी कंबरेला लागत होत्या. हिच्या रोपांच्या काड्या झाल्या. चाळिसावं मात्र हात हातभर वाढत होतं. मॅडमनी मुळकान फिरवलं. हिरव्यागार पडद्याच्या मधोमध एक काळा चौकोन उमटला आणि त्या चौकोनाच्या टोकाला एकच हिरवा ठिपका.

मॅडम वर्गात आल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालचं एक मोठं चित्र भिंतीवर दाखवलं. मुळाभोवती कापसासारखे पांढरेशुभ्र धागे होते.

"हे निरोगी रोप. हे पांढरं दिसतंय ना, तेच आपलं कवक."

"मॅडम, कवक तर हिरवं असतं ना?" प्रज्योतनं विचारलं.

"नाही रे. हिरवा रंग आम्ही पडद्यापुरता दिलाय. कवक पांढरंच असतं."

चारूच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. तिनं बाकाची कड घट्ट धरली.

"मेलेल्या रोपांच्या मुळांत कवक नावालाही नाही," मॅडम सांगत होत्या. "कशानं तरी ते मेलंय. मला एकच सांगा, रागावणार नाही. कुणी रोपांवर काही औषध टाकलं होतं का?"

मग प्रज्योतच म्हणाला, "चारूच्या ट्रेवर कोण टाकणार, मॅडम? तिचा ट्रे तर बक्षिसाचा होता. आम्हाला हातसुद्धा लावू देत नव्हती!" सगळे हसले. चारूही हसली. त्या हसण्याची तिला पुढं सगळ्यांत जास्त लाज वाटली. गप्प बसणं निराळं. ती तर हसली होती.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलं नाही म्हणतायत म्हणजे नाही."

खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही, मुलांनो. मॅडमनी तिच्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवला आणि त्या भरवशावर पुढचा हिशेब मांडला. औषध नाही, तर मग आजार असणार. चारूची माती वाफ्याच्या पूर्वेच्या टोकाची होती. म्हणजे तिथं दुसरी एखादी चोर बुरशी शिरली असावी, जी भल्या कवकाला खाते. चाळिसाव्याला पिशवीत वेगळी मूठ पडली, म्हणून ते वाचलं असावं. ती डंपावर पसरली, तर आधी लावलेली दोन हजार झाडंही जातील. तज्ज्ञांचं पथक बोलावलं. पण ते यायला महिना लागणार होता आणि आजार महिनाभर थांबतो थोडाच? तोवर वाफ्यातून माती नेणं बंद झालं.

रविवारी सकाळी चारू अंगणात मिरचीचे ट्रे मांडत होती. फाटकाशी आजा उभे दिसले. हातात मातीनं भरलेली एक पिशवी आणि तिच्यात करंजाचं रोप.

"या ना आजा, बसा."

"बसत नाही, माय. तुह्याशीच बोलाचं होतं." त्यांनी रोप खाली ठेवलं. खांद्यावरच्या पंच्यानं उगाच तोंड पुसलं. "तू येवढी मेहनत केली. पोट्टे खेळाले जात, तू पाणी घालत बसे. आन् माह्या मातीनं तुही झाडं मारली. माही चूक हाय ते. माफी कर मले."

चारूच्या हातातला ट्रे कलंडला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस अकरा वर्षांच्या पोरीपुढं मान खाली घालून उभा होता.

"आजा..." ती म्हणाली. पुढचा शब्द जिभेवर आला होता. पण ओसरीवर बाबा बसले होते, आणि पुडी बाबांच्या कपाटातली होती.

"हे रोप बाजारातल्या मातीतलं हाय," आजा म्हणाले. "माह्या वाफ्याचं नाही. भिऊ नको." आणि ते गेले.

त्या दिवशी चारू जेवली नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. शाळेतून येताना ती आता आजांच्या परसावरून न येता तळ्याकडून लांबच्या वाटेनं येऊ लागली. वाफ्यातल्या ज्वारीला कुणी पाणी घालत नव्हतं. एकदा तिनं दुरून पाहिलं, आजा वाफ्याकडे पाठ करून खाटेवर बसले होते.

मग एका सकाळी बाबा फवारणीचा पंप धुताना दिसले.

"कुठं चाललात, बाबा?"

"सोनबाच्या घरी. गावच्या कमिटीनं ठरवलं ना काल, पथकाची वाट पाहाची नाही. वाफ्यात औषध भिजवून प्लास्टिक झाकाचं. कोणी तयार होईना, मले म्हणाले तूच कर, तुले अंदाज हाय." त्यांनी कपाटातून पुड्या काढल्या. त्याच पांढऱ्या पुड्या, पण या वेळी अख्खं खोकं. "बुढ्याचं वाईट वाटते. पण काय करता? नासलेलं विरजण फेकाच लागते."

बाबा निघाले. चारू उंबऱ्यात उभी राहिली. आईनं डबा भरला, "शाळेला उशीर होऊन राहिला," म्हणाली. चारू चपला न घालताच पळत सुटली.

आजांच्या परसात दहा-पंधरा माणसं होती. वैरागडे मॅडम हाताची घडी घालून एका कडेला. आजा खाटेवर, पाठ फिरवून. बाबांनी पंप पाठीवर घेतला होता, नळी वाफ्याच्या पूर्वेच्या टोकावर धरली होती.

चारू माणसांच्या पायांमधून आत घुसली आणि वाफ्यात, वाळल्या ज्वारीच्या ताटांत, मधोमध जाऊन बसली.

"ए पोरी! काय करून राहिली तू? ऊठ!" बाबा ओरडले. "औषध हाय हे!"

"मला माहीत आहे," चारू म्हणाली. "मी तेच टाकलं होतं."

कुणाला काही कळलं नाही. तिला परत सांगावं लागलं. पहिल्यांदा सांगणं सोपं होतं, ते दमात निघून गेलं होतं. दुसऱ्यांदा एकेक शब्द उचलून ठेवावा लागला. पांढरी लव दिसली. मला वाटलं बुरशी. मला वाटलं कवक हिरवं असतं. कंपासपेटीतून पावडर आणली. एकोणचाळीस बुडवली, चाळिसावं राहिलं, म्हणून ते जगलं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही. आजा घरी आले तेव्हाही नाही.

बाबांच्या हातातली नळी खाली आली. पाठीवरचा पंप काढायचं त्यांना भान राहिलं नाही. मॅडमनी घाईघाईनं मुळकान आणून पूर्वेच्या टोकाला खुपसलं, इकडे, तिकडे, सात ठिकाणी. सातही वेळा पडदा हिरवा झाला. कुठं थोडा फिकट, पण हिरवा.

"हे मी आधीच बघायला हवं होतं," मॅडम पुटपुटल्या. "आजारी मुळं बघत बसले आणि वाफ्याला विचारलंच नाही. आजा, माझंही चुकलं."

आजा खाटेवरून उठले. सगळ्यांना वाटलं, ते आता पोरीला जवळ घेतील, कारण त्यांचा स्वभाव तसाच होता. ते वाफ्याच्या कडेशी आले. चारूकडे त्यांनी पाहिलंच नाही. वाकून मातीवर तळवा ठेवला.

"पन्नास वर्षांत हिच्यावर कधी संशय नाही घेतला," ते म्हणाले. "आन् येवढ्या दिवसांत पाणी नाही दिलं हिले. पाठ करून बसलो."

मग डोळे न उचलता म्हणाले, "झाडं मेली त्याचं काही नाही, पोरी. झाडं मरतात. तू मले माह्या मातीचा वैरी केलं."

बादली घेऊन ते विहिरीकडे गेले. माणसं पांगली. बाबांनी चारूला हाताला धरून उठवलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. नुसते म्हणाले, "घरी सांगितलं असतं तं..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

आता तुम्ही विचाराल, आजांनी तिला माफ केलं का? ते मला ठाऊक नाही. माफी काही शाळेच्या घंटेवर होत नसते. मला ठाऊक आहे ते एवढंच, की चारूनं त्याच दिवशी पुढं काय केलं.

ती घरी गेली. धान्याच्या डब्यातून ओंजळभर ज्वारी फ्रॉकच्या खिशात ओतली, पाण्याची कळशी कमरेवर घेतली, आणि भर उन्हात डंप चढली. एकोणचाळीस काड्या तिनं एकेक करून उपटल्या. मग ती चाळिसाव्या रोपापाशी आली. त्याच्या मुळाजवळची एक मूठ माती तिनं काढून घेतली, एकच मूठ. झालेला खळगा शेजारच्या ओळीतला वाळका पाला वेचून भरून दिला.

एक मूठ माती आणि एकोणचाळीस खड्डे. पण विरजण कुणी वाटीभर घालत नाही. तिनं फ्रॉकला लावलेला 'उत्तम रोपपाल'चा बिल्ला काढला आणि उताणा केला. मागच्या खोलगट बाजूत बरोबर चिमूटभर माती मावत होती. पहिल्या खड्ड्याशी ती गुडघ्यांवर बसली. बिल्ल्यानं मोजून चिमूटभर माती घातली, ज्वारीचे तीन दाणे टोचले, ओंजळीनं पाणी दिलं.

मग ती उठून दुसऱ्या खड्ड्याकडे गेली.